सेवती, कुब्जक आणि गुलाब

जुन्या पोथीचा काल ठरवितांना तींत आलेल्या वस्तूंच्या नांवांकडे पाहावें, ही रीत आपल्या संशोधकांना चांगली परिचित आहे. भांडारकर संस्थेचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तंबाखूसारख्या वस्तूंचे संस्कृत ग्रंथांतील उल्लेख कालानुक्रमानें लावून ही रीत कशी फलदायी होते हें दाखवून दिलें. परंतु तंबाखूची गोष्ट निराळी आणि गुलाबाची निराळी. तंबाखू ही एकच वनस्पति, ती एका ठराविक काळीं समुद्रावरून आली, आणि येतांना आपलें नांवही बरोबर घेऊन आली. गुलाबाचें तसें नाहीं. गुलाबाची जात एक नव्हे. त्यांतल्या कांहीं आपल्याच पर्वतांत आणि नदीकांठीं आपोआप उगवतात. आणि ज्या नांवानें आज आपण सर्वांना हांक मारतों तें नांव मात्र परकें आहे. तेव्हां 'गुलाब' हा शब्द पोथींत आला तर ती पोथी फारसी संपर्कानंतरची, हें अनुमान पुष्कळ अंशीं बरोबर ठरेल. पण 'गुलाब' हा शब्द नाहीं म्हणून त्या काळीं त्या ठिकाणीं गुलाबाचें फूलच नव्हतें, हें दुसरें अनुमान जें सर्रास केलें जातें, त्याला कांहींच आधार नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या अनुमानाचा, आणि त्यांतून निघणाऱ्या एका तिसऱ्या, अधिक घातक अनुमानाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहूं. फारसींत 'गुल' म्हणजे फूल, आणि विशेषतः गुलाबाचें फूल; 'आब' म्हणजे पाणी. अर्थात् 'गुलाब' म्हणजे फूल नव्हे, तर फुलाचें पाणी. इकडे येतांना पाण्याचें नांव फुलाला चिकटलें, आणि मग पाण्याला वेगळें नांव हवें म्हणून आपण 'गुलाबपाणी' असा शब्द केला. त्यांत पाणी दोनदां आलें, याची कोणास खंत नाहीं. पेशवाई कागदपत्रें वाचणाऱ्यांना मात्र ही गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. दरबार बरखास्त होतांना 'अत्तर-गुलाब' दिला, असें जेव्हां लिहिलेलें असतें तेव्हां तेथें फुलें वांटलीं नव्हतीं. तेथें 'गुलाब' हा मूळ फारसी अर्थानें, म्हणजे गुलाबदाणींतून शिंपडण्याचें पाणी या अर्थानें आला आहे. एकाच दप्तरांत, कधीं एकाच लेखकाच्या हातून, दोन्ही अर्थ भेटूं शकतात. शब्द इतका निसरडा असतां त्याच्यावर कालनिर्णयाची इमारत उभी करणें धाडसाचें आहे.

आतां फूल पाहूं. बागेंतल्या गुलाबाच्या पाकळ्या मोजण्याचा प्रयत्न कोणी करीत नाहीं. पण रानांतल्या गुलाबाला पाकळ्या पांचच असतात. (हिमालयांतील एका जातीला चार असतात; तेवढा अपवाद.) मध्यें पिवळ्या केसरांचा दाट झुबका, आणि भोंवतीं पांच पसरट पाकळ्या, असें तें साधें फूल. माणसानें शतकानुशतकें निवडनिवडून लागवड केल्यावर केसरांच्या पाकळ्या झाल्या, पाकळ्यांचे थर चढले, आणि ज्यांत केसर मुळीं दिसूंच नयेत असें भरगच्च फूल तयार झालें. हा एकच भेद मनांत पक्का धरला, तर संस्कृत निघंटूंतील पुष्कळ कोडीं सुटतात. ज्या नांवांत 'केसर' आहे तें नांव मूळचें एकेरी फुलाचें, आणि ज्यांत 'शत' किंवा 'दल' आहे तें भरगच्च फुलाचें, असा ढोबळ नियम करावयास हरकत नाहीं.

अमरकोशापासून आरंभ करावा. ज्यांनीं लहानपणीं अमर पाठ केला आहे त्यांना वनौषधिवर्गांतील तो भाग आठवेल. मालती, जाति, सप्तला, नवमालिका, मग कुंद, मग तांबडा बंधूक, त्यानंतर सहा, कुमारी आणि तरणि हीं तीन नांवें एका वनस्पतीचीं, आणि लगेच अम्लान व महासहा. पुढें तांबडा कुरबक व पिवळा कुरंटक. यांतील 'कुमारी' शब्दावरून बहुतेक सर्वजण कोरफड समजतात, आणि वैद्यकांत कुमारी म्हणजे कोरफड हें खरेंही आहे. मीं स्वतः तीस वर्षें मुलांना तसेंच शिकविलें, कारण टीकेंत तसें होतें. पण जागा पाहा. आधीं जाई, मोगरा आणि कुंद. नंतर अबोलीच्या व कोरांटीच्या जातीचीं फुलझाडें. या फुलांच्या मेळाव्यांत मधेंच कोरफड कशास येऊन बसेल? कोशकार यादी करतो ती बाजारांतल्या टोपलीप्रमाणें करीत नाहीं. सारख्याला सारखें जोडीत जातो. येथें सहा, कुमारी, तरणि हें एक सुवासिक फुलझाड अभिप्रेत असावें, असें मानण्याकडे माझा कल आहे. आणि तें कोणतें याचें उत्तर अमराच्या मागून आलेल्या निघंटूकारांनीं आपल्या हातीं ठेवलें आहे.

काश्मीरचा नरहरि पंडित आपल्या राजनिघंटूंत तरणी, सहा, कुमारी हींच अमराचीं नांवें घेतो आणि त्यांना गंधाढ्या, चारुकेसरा, भृंगेष्टा अशीं नांवें जोडतो. गंधानें भरलेली, सुंदर केसरांची, भुंग्यांना आवडणारी: ही कोरफड खास नव्हे. आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नरहरि शतपत्रीची नोंद निराळी करतो. तेथें शतदला, सुशीता, शिववल्लभा, सौम्यगंधा अशीं नांवें येतात. म्हणजे त्याच्या समोर दोन फुलें होतीं. एक केसर दाखविणारें आणि एक पाकळ्या दाखविणारें. राजनिघंटूची आनंदाश्रमाची आवृत्ति, धन्वंतरीय निघंटूसह, पुण्यास १८९६ मध्यें निघाली व ती आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं असेल. दोन्ही नोंदी करवीरादि वर्गांत शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे खात्री पटेल. या ग्रंथाकडे मराठी संशोधकांनीं विशेष लक्ष द्यावें असें आणखी एक कारण आहे. नरहरि काश्मीरचा असूनही वनस्पतींचीं देशी नांवें कर्नाटकी व महाराष्ट्री भाषेंत देतों, असें तो आरंभींच सांगतो. आपल्या देशी फुलांच्या नांवांचा जुना साक्षीदार म्हणून हा काश्मिरी पंडित आपल्याला जितका उपयोगी आहे तितका त्याचा उपयोग अद्याप आपण केलेला नाहीं.

आतां भावप्रकाश घ्या. भावमिश्र हा सोळाव्या शतकांतला. त्याच्या पुष्पवर्गांत शतपत्री आणि तरुणी एकच झाल्या आहेत. एकाच नोंदींत शतपत्री हें नांवही आहे आणि चारुकेशरा हेंही आहे. आणि त्याखेरीज लाक्षापुष्पा, म्हणजे लाखेच्या रंगाचें फूल असणारी, असें नवें नांव आहे. शंभर पाकळ्यांच्या फुलाला सुंदर केसरांची म्हणणें म्हणजे पागोटें बांधलेल्या माणसाच्या केसांची स्तुति करणें होय. एकेरी फुलाचें जुनें नांव भरगच्च फुलाच्या नोंदींत येऊन मिसळलें आहे हें उघड आहे. आणि 'लाक्षापुष्पा' हें नांव, त्या वेळीं कोणतें फूल डोळ्यांसमोर होतें हें सांगतें. १५२६ नंतर बाबरानें आग्र्यास बाग केली तींत गुलाब व नर्गिस यांचे वाफे लावल्याचें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. उत्तर हिंदुस्थानांत तांबडा फारसी गुलाब आतां बागेचा राजा झाला होता, आणि निघंटूकारानें जुन्या नांवांचा सगळा पोशाख त्याच्या अंगावर चढविला. पुढें जहांगीराच्या कारकीर्दींत नूरजहानच्या आईनें गुलाबपाण्यावर येणारा तवंग निपटून अत्तर काढलें, व सलीमा सुलतान बेगमेनें त्यास 'इत्र-इ-जहांगिरी' असें नांव दिलें, ही हकीकत त्या बादशहानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. त्यानंतर तर तांबड्या गुलाबापुढें दुसऱ्या कोणाची डाळ शिजणें शक्यच नव्हतें.

मात्र भावमिश्रानें एक फूल या गर्दींत मिसळूं दिलें नाहीं. तो कुब्जकाची नोंद वेगळी ठेवतो: भद्रतरणी, बृहत्पुष्प, अतिकेशर, महासहा, कंटकाढ्या, आणि नीलालिकुलसंकुला. भद्रतरणी म्हणजे तरणीचीच बहीण. पुष्कळ केसर, पुष्कळ कांटे, आणि निळ्या-काळ्या भुंग्यांच्या थव्यांनीं गजबजलेली. (अमरानें अम्लानाला दिलेलें 'महासहा' हें नांव येथें कुब्जकाकडे आलें आहे, फुलांचीं नांवें कशीं घरें बदलतात याचा हा नमुना.) 'कुब्ज' म्हणजे वांकलेला, कुबड आलेला. ज्यांनीं कुमाऊं, गढवाल किंवा हिमाचलाच्या वाटांवरून चैत्र-वैशाखांत प्रवास केला आहे त्यांना या नांवाची फोड सांगावयास नको. तेथें शेताच्या बांधांवर, वाटेच्या कुंपणांत, ओढ्याकांठच्या झाडांवर एक प्रचंड कांटेरी झुडूप चढलेलें असतें. त्याच्या लांबलचक फांद्या झाडाच्या शेंड्यापर्यंत जातात आणि तेथून कमानीप्रमाणें वांकून खालीं लोंबतात. वसंतांत त्या कमानी पांढऱ्या पांच-पाकळी फुलांच्या घोसांनीं भरून जातात आणि वास दूरवर येतो. तेथले लोक त्याला आजही 'कूजा', 'कुंजा', 'कुंज' म्हणतात. संस्कृत निघंटूंतील बहुतेक नांवें पुस्तकांत वाळून गेलीं. हें नांव कुंपणांत जिवंत राहिलें. वनस्पतिशास्त्रज्ञ याला रोझा ब्रुनोनाय म्हणतात. लिंडले यानें १८२० मध्यें रॉबर्ट ब्राउन याच्या नांवावरून तें नांव दिलें. पुढें पुष्कळ वर्षें मात्र हें झाड म्हणजे पश्चिमेकडील कस्तुरी गुलाबाचाच, रोझा मोस्काटाचाच, एक पोटभेद आहे असें पुस्तकांत छापलें जाई. या घोटाळ्याचें प्रयोजन पुढें येईल.

कुब्जकाचें हें वर्णन निघंटूंतच राहिलें असतें तर कोणी म्हणूं शकला असता कीं, नांवावरून नांव जुळविण्याचा हा खेळ आहे. परंतु अबुल फजल हा साक्षीदार आपल्या बाजूस आहे, आणि तो संस्कृतज्ञ नसल्यामुळें त्याच्या साक्षीला जास्त किंमत आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत सुगंधी फुलांचें एक प्रकरण आहे. त्यांत 'कूझा' येतो. तो तांबड्या गुलाबासारखा दिसतो, पण झाड व पानें मोठीं. पाकळ्या पांच किंवा शंभर. मध्यें सोनेरी केसर. त्यापासून सुगंधी द्रव्य व अर्क करतात, असें तो सांगतो. कूझा म्हणजे कुब्जक, याविषयीं संशय राहूं नये. पांच किंवा शंभर पाकळ्या, म्हणजे रानांतला एकेरी आणि बागेंतला भरगच्च असे दोन्ही प्रकार त्यानें पाहिले होते.

त्याच प्रकरणांत सुगंधी फुलांच्या यादीच्या अगदीं आरंभीं, चमेली-चंपकाच्याही आधीं, 'सेवती' आहे. तिचें वर्णन मी सावकाश देतों, कारण या लेखाचा सगळा भार त्यावर आहे. सेवती तांबड्या गुलाबासारखी, पण लहान. रंग पांढरट. मध्यें सोनेरी केसर, आणि पाकळ्या चार ते सहा. वर्षभर फुलते, पण विशेषेंकरून पावसाळ्याच्या शेवटीं. आणि तिचें स्थान: गुजरात व दक्षिण.

दक्षिण! अकबराच्या दरबारीं बसून लिहिणारा ग्रंथकार एका एकेरी पांढऱ्या गुलाबाचें माहेर म्हणून आपल्या प्रदेशाकडे बोट दाखवितो, आणि आपण मात्र गुलाब आपल्याकडे उत्तरेकडून आला असें धरून चालतों. सह्याद्रीच्या महाराष्ट्रांतील रानांत कुब्जकासारखा आपोआप वाढलेला गुलाब माझ्या पाहण्यांत आला नाहीं. दक्षिणेंत निलगिरि आणि पळणीच्या डोंगरांत एक पांढरा रानगुलाब आहे, त्याला लेशेनो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव मिळालें आहे. बंगाल-बिहारच्या दलदलींत आणि नदीकांठीं दुसरा एक आहे, जो पाण्यांत पाय बुडवून उभा राहतो. पण अबुल फजलची सेवती यांपैकीं नसावी. ती बागेंतली असावी. कारण तिचा फुलण्याचा काळ. रानांतले बहुतेक गुलाब वर्षांतून एकदांच, वसंतांत फुलतात, कुब्जकही त्यांतलाच. पावसाळ्याच्या अखेरीस फुलणारा एकेरी पांढरा गुलाब म्हटला कीं जाणत्या माळ्याच्या मनांत एकच नांव येईल, आणि तें म्हणजे खरा कस्तुरी गुलाब, रोझा मोस्काटा. हा रानांत कोठें सांपडत नाहीं. पश्चिम आशियांतील बागांतून तो सर्वत्र गेला. युरोपांत तर एकोणिसाव्या शतकांत हिमालयांतील कुब्जकच 'कस्तुरी गुलाब' म्हणून विकला जाऊं लागला, आणि खरा जवळजवळ विस्मृतींत गेला. १९६३ मध्यें ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस या इंग्रज उद्यानज्ञानें एका जुन्या बागेंत तो पुनः ओळखला. ओळखला तो कशावरून? तर उन्हाळा सरतांना, इतर गुलाब संपल्यावर, तो फुलूं लागतो यावरून. ज्या खुणेवरून इंग्लंडांत विसाव्या शतकांत हें कोडें सुटलें तीच खूण अबुल फजलनें साडेतीनशें वर्षांहून अधिक आधीं नोंदवून ठेवली होती.

तेव्हां माझें मत असें: निघंटूंतील कुब्जक हा हिमालयाचा रानगुलाब, आणि दक्षिण-गुजरातची सेवती हा पश्चिम समुद्रावरून आलेला, बागेंत स्थिरावलेला कस्तुरी गुलाब. दोघेही एकेरी, पांढरे व सुवासिक, एकाच कुळांतले, म्हणून त्यांचीं नांवें एकमेकांत गुंतलीं. भरगच्च तांबडा शतपत्री-गुलाब हा तिसरा. गुजरात आणि कोंकणच्या बंदरांचा इराणी आखाताशीं व्यापार मोंगलांच्या कितीतरी आधींपासून चालू होता. घोडे आणि खजूर ज्या वाटेनें येत त्याच वाटेनें गुलाबाची एखादी काडी आली असेल तर तिला दिल्लीच्या परवान्याची जरूर नव्हती.

आतां आपल्या घरांतल्या शब्दाकडे येऊं. मराठींत आज शेवंती म्हणजे पिवळें, पांढरें किंवा जांभळट, बारीक पाकळ्यांचें, कांटे नसलेलें, थंडींतलें फूल. इंग्रजींत ज्यास क्रिसँथेमम म्हणतात तें. गुजराती, कानडी व तेलुगू भाषांतही हा शब्द थोड्याफार फरकानें त्याच फुलाला लावतात. हिंदींत मात्र सेवती म्हणजे पांढरा गुलाब, बंगालींतही तेंच. आणि मोनियर विल्यम्स यांनीं आपल्या संस्कृत कोशांत 'सेमन्ती' शब्दाला गुलाबाचाच अर्थ दिला आहे. दक्षिणेचा अर्थ मूळचा कीं उत्तरेचा? केवळ शब्दांच्या जोरावर हा वाद मिटणार नाहीं. पण अबुल फजल दक्षिणेच्या फुलाबद्दलच बोलतो आहे, आणि सोनेरी केसर व चार-सहा पाकळ्या हें वर्णन क्रिसँथेममला कोणत्याही बाजूनें लागूं पडत नाहीं. शिवाय मराठींत एक जुना शब्द असा राहून गेला आहे कीं जो माझ्या मतें हा वाद निकालांत काढतो. तो शब्द म्हणजे 'कांटेशेवंती'. जुन्या वाड्यांच्या परसांत, देवळांच्या आवारांत असलेल्या पांढऱ्या गांवठी गुलाबाला आपल्या आजीबाई कांटेशेवंती म्हणत. ज्या फुलाला कांटेच नाहींत त्याला 'कांटे' हें विशेषण लावण्याचा प्रसंग येत नाहीं, आणि ज्याला मुळांत शेवंती कोणी म्हणत नव्हतें त्याला 'कांटेशेवंती' म्हणण्याचें कारण नाहीं. शेवंती हें नांव प्रथम कांटेरी फुलाचें असावें. नवें, बिनकांट्याचें फूल घरोघर झाल्यावर त्यानें तें नांव बळकावलें, आणि जुन्या मालकिणीला आपल्या नांवापुढें कांटे लावून घ्यावे लागले. बिनकांट्याच्या फुलाला उत्तरेंत 'गुलदाउदी' असें वेगळें नांव मिळालें, म्हणून तेथें सेवतीचें नांव सुरक्षित राहिलें. आपल्याकडे सगळ्याच कांटेरी फुलांना 'गुलाब' म्हणण्याची संवय लागली, आणि शेवंतीचें नांव रिकामें पडलें. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाहीं.

हा शब्दांचा काथ्याकूट कशासाठीं, असें कोणी विचारील. माझ्या एका स्नेह्यानें, जो पोथ्यांचा साक्षेपी संग्राहक आहे, कांहीं वर्षांपूर्वीं एक खंडित पूजापद्धति उत्तरकालीन म्हणून बाजूला ठेवली. अक्षर जुनें, कागद जुना, पृष्ठमात्रांचा उपयोग. पण फुलांच्या यादींत 'सेवंती' होती. सेवंती म्हणजे चिनी क्रिसँथेमम, आणि तें फूल इकडे उशिरां आलें असणार, म्हणून पोथीही उशिराची, असा त्याचा तर्क. हेंच तें तिसरें अनुमान. अक्षर, कागद आणि मात्रा या तिन्ही साक्षी एका बाजूला असतां एका फुलाच्या आजच्या अर्थानें त्यांना खोटें पाडलें. सेवंती म्हणजे एकेरी गुलाब असा अर्थ घेतला तर त्या पोथीविरुद्ध कांहींच पुरावा उरत नाहीं. अशा किती पोथ्या केवळ याच तर्कानें मागें सारल्या गेल्या असतील याचा विचार संग्राहकांनीं करावा. उलट दिशेनेंही सावधगिरी हवी. पोथींत शेवंती पिवळी म्हटली असेल, किंवा तिच्यापुढें कांटे असतील, किंवा हेमंतांतल्या फुलांत तिची गणना असेल, तर प्रत्येक वेळीं निर्णय निराळा होईल. नुसतें नांव पुरेसें नाहीं; नांवाभोंवतीं रंग, ऋतु, कांटा वा केसर यांचा एखादा तरी शब्द शोधावा, आणि तो नसेल तर त्या फुलावरून काल ठरविण्याच्या भानगडींत पडूं नये. छापील आवृत्तींचे संपादकही 'सेवंती' शब्दाखालीं टीप देतांना सरसकट क्रिसँथेमम असें लिहितात. तेथें निदान एक प्रश्नचिन्ह घालावें.

कोशांच्या बाबतींतही दोन शब्द सांगावयास हवेत. एकोणिसाव्या शतकांतील कोशांत तरुणी, सेवती, शतपत्री या नांवांपुढें 'रोझा ग्लांडुलिफेरा' असें भारदस्त लॅटिन नांव दिसतें. तें रॉक्सबर्गनें दिलेलें. कोशकारांनीं एकामागून एक तें उतरून घेतलें. आज वनस्पतिशास्त्रज्ञ त्या नांवाची स्वतंत्र जात मानीत नाहींत. लॅटिन अक्षरांत छापलेलें असलें म्हणजे तें निश्चित, असा समज संस्कृत शिकलेल्या आमच्या पिढींतही फार होता.

ज्यांच्या वाड्यांत जुना गुलाब आहे ते आतां म्हणतील, आमच्याकडे ही सेवती असलीच पाहिजे. तिला ओळखतांना दोन ठिकाणीं फसगत होते. पहिली, गुलाबी रंगाच्या भरगच्च 'एडवर्ड' गुलाबाची. हा इतका देशी झाला आहे कीं माळी त्यास गांवठी म्हणतात, आणि त्याचा खुंट म्हणून व कुंपण म्हणूनही उपयोग झाला. पण त्याचा जन्म हिंदी महासागरांतील बूरबाँ बेटावरचा. तेथले शेतकरी आपल्या शेतांना गुलाबांचीं कुंपणें घालीत, कांहीं चिनी गुलाबाचीं, कांहीं दमास्कस गुलाबाचीं. त्या दोन कुंपणांच्या संकरांतून, कोणी न लावतां, १८१७ च्या सुमारास एक नवें रोप उगवलें. ब्रेआँ या फ्रेंच उद्यानाधिकाऱ्याच्या तें नजरेस पडलें व त्याचें बीं पुढें पॅरिसला गेलें. बूरबाँ गुलाबांचा सगळा वंश त्यांतून निघाला. दोन शेतांच्या बांधांवरील दोन कुंपणें जगभरच्या बागांचें रूप पालटूं शकतात, हें या एका उदाहरणावरून दिसतें. परंतु कालाच्या दृष्टीनें एडवर्ड एकोणिसाव्या शतकांतला. पेशवाईंतल्या परसाचा पुरावा म्हणून त्याला उभा करतां येणार नाहीं.

दुसरी फसगत जास्त चकविणारी आहे. कलमी गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून करतात. गुलाबाला हा मान मिळण्याच्या फार आधीं वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कांडरोप्य झाडांची यादी दिली आहे. तींत फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष आहेत, अतिमुक्तकही आहे, पण कुब्जक वा तरणी नाहीं. आज मात्र पुण्या-नाशकाच्या बागेंतला प्रत्येक भारी गुलाब कोणत्या ना कोणत्या रानटी खुंटावर उभा असतो. मालकाचें दुर्लक्ष झालें कीं वरचा डोळा मरतो, खुंटाला फूट येते, आणि चारपांच वर्षांनीं पांढऱ्या, एकेरी, पांच पाकळ्यांच्या फुलांचे घोस बघून घरचीं माणसें चकित होतात. ही सेवती नव्हे. हा बहुधा चीन-जपानकडचा मल्टिफ्लोरा. त्याचीं फुलें फार बारीक, तीं वसंतांत एकदांच येतात, आणि पानाच्या देंठाशीं असलेलीं उपपर्णें झालरीसारखीं कातरलेलीं असतात. देंठाकडे पाहावयाची संवय ठेवली तर ही चूक होत नाहीं. आपल्या देशांतील गुलाबांचा पद्धतशीर विचार डॉ. बी. पी. पाल यांच्या १९६६ मधील ग्रंथांत आहे, तो आमच्यासारख्या पोथीवाल्यांनींही जवळ ठेवावा. शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेचे ते पहिले महासंचालक. गहूं हा त्यांचा मुख्य विषय, आणि गुलाब हें व्यसन.

म्हणून विनंति अशी कीं, ज्या वाचकांच्या घरीं, गांवच्या देवळांत किंवा जुन्या किल्ल्यावरील परसांत 'कांटेशेवंती' या नांवानें ओळखलें जाणारें झुडूप अद्याप आहे, त्यांनीं त्याच्या फुलण्याचा महिना, पाकळ्यांची संख्या, आणि देंठाशीं असलेलीं उपपर्णें साधीं कीं कातरलेलीं, इतक्या तीन गोष्टी मंडळाकडे लिहून पाठवाव्या. भाद्रपद-आश्विनांत फुललेल्या एका तरी झुडपाची एक डहाळी, कागदांत दाबून, नांव व गांव लिहून आली तर फार उपयोग होईल. आणि ज्यांच्या संग्रहीं पूजापद्धति, पुष्पयाद्या किंवा वैद्यकाचीं मराठी टिपणें आहेत त्यांनीं 'सेवती', 'सेवंती', 'सेमंती', 'कुब्जक', 'कूजा' हीं नांवें ज्या ओळींत येतात त्या ओळी, मागच्या-पुढच्या शब्दांसह, उतरून घ्याव्या.